एस३० ते आरझेड३४ : निस्सानची झेड गाडी, देशोदेशीची नावं आणि आतले फरक

घाटवाट (पुणे)

दुसऱ्या एका धाग्यावर परवा वाक्य वाचलं : "डॅटसन २४०झेड म्हणजे फेअरलेडी झेडची अमेरिकेसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती." तिथे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. हा समज आपल्याकडच्या गाडीवेड्यांत फार पसरलाय. जपानात विकली ती अस्सल, बाहेर गेली ती पातळ केलेली, असं गृहीत धरूनच बोलणं सुरू होतं. झेडच्या बाबतीत हे साफ चूक आहे. कसं ते सविस्तर लिहितो.

निस्सानची ही स्पोर्ट्सकार एकच, त्या पिढीचं कारखान्यातलं नाव एस३०. ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानात ती 'निस्सान फेअरलेडी झेड' म्हणून जाहीर झाली आणि परदेशात 'डॅटसन २४०झेड' म्हणून गेली. बॉडी तीच, पण बॉनेट उघडलं की फरक दिसतो. जपानच्या साध्या फेअरलेडी झेडमध्ये एल२० हे २ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन होतं, १३० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती). निर्यातीच्या गाडीत एल२४, २३९३ सीसी, १५० पीएस. एल२० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६९.७, एल२४ चा ८३ आणि ७३.७. म्हणजे 'बाहेर गेलेली पातळ' ही गाडी जपानातल्या साध्या गाडीपेक्षा २० पीएसनं जास्त ताकदवान आणि टॉर्कमध्ये, म्हणजे चाकं फिरवण्याच्या जोरात, त्याहून उजवी.

मग जपान्यांनी स्वतःसाठी लहान इंजिन का ठेवलं? करामुळे. तिथे २००० सीसीच्या आतली आणि ठरावीक लांबी-रुंदीत बसणारी गाडी '५ नंबर' वर्गात येते, नंबरप्लेटवरच्या वर्गाचा आकडा ५ ने सुरू होतो. मर्यादा ओलांडली की '३ नंबर', आणि त्या काळात तिचा वार्षिक कर एकदम वर जायचा. आपल्याकडे चार मीटरच्या आत आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीच्या आत गाडी बसवायची जी धडपड कंपन्या करतात, तोच प्रकार. डिकी कापलेली सेदान हीच मूळ रचना असं आपण म्हणत नाही ना? मग २ लिटरच्या झेडला तरी 'मूळ' का म्हणायचं?

आता नावाबद्दल. फेअरलेडी हे नाव झेडच्या आधीपासूनचं. निस्सानचे तेव्हाचे अध्यक्ष कात्सुजी कावामाता यांना अमेरिकेत ब्रॉडवेवर पाहिलेली 'माय फेअर लेडी' ही संगीतिका आवडली, त्यावरून ते आलं. १९६० च्या दशकातल्या उघड्या टपाच्या गाड्या जपानात 'फेअरलेडी १६००', 'फेअरलेडी २०००' होत्या, तर अमेरिकेत त्याच 'डॅटसन १६००' आणि '२०००'. अमेरिकेतला कारभार युताका कातायामा पाहत होते, ज्यांना तिथे सगळे 'मिस्टर के' म्हणायचे. स्पोर्ट्सकारवर 'फेअरलेडी' हे नाव अमेरिकेत चालणार नाही यावर ते ठाम होते. पहिल्या गाड्या बंदरावर उतरल्यावर त्यांनी फेअरलेडीचे बिल्ले काढून २४०झेडचे लावून घेतले, हा किस्सा झेडवाल्यांत सर्वांना पाठ आहे. ही गाडी व्हावी म्हणून टोकियोशी सतत भांडलेला माणूसही तोच. परवडणारी, सहा सिलिंडरची, बंद टपाची स्पोर्ट्सकार अमेरिकेत खपेल, हा त्यांचा हट्ट. १९७० मध्ये ती अमेरिकेत ३५२६ डॉलरला मिळत होती आणि लोक रांगा लावून घेत होते. एस३० च्या पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या.

म्हणून माझं मत : एस३० ची कल्पना अमेरिकन बाजारासाठी होती आणि घरची गाडी कायद्याच्या मापात बसवलेली. दुमत असेल तर जरूर मांडा.

कोल्हापुरी_पिस्टन

धागा झकास, पण तुम्ही झेड४३२ सोयीस्कर बाजूला ठेवलीत! जपानची सर्वांत भारी गाडी सोडून सर्वांत साधीची तुलना केली की निकाल आपल्याला हवा तसाच लागणार की राव.

४३२ मध्ये एस२० इंजिन होतं, निस्सानच्याच पहिल्या स्कायलाइन जीटी-आरचं. १९८९ सीसी, दोन कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), २४ व्हॉल्व्ह, १६० पीएस ७००० आरपीएमला (मिनिटाला फेरे). नावातच सगळं आहे : सिलिंडरमागे ४ व्हॉल्व्ह, ३ कार्ब्युरेटर, २ कॅमशाफ्ट. ही जपानाबाहेर अधिकृतपणे विकलीच नाही. जेमतेम सव्वाचारशे गाड्या बनल्या. आणि त्यातली ४३२-आर म्हणजे शर्यतीसाठी हलकी केलेली, फायबरचं बॉनेट, अॅक्रिलिकच्या काचा, १०० लिटरची टाकी. अमेरिकेला यातलं काय मिळालं? मग मी जपानी गाडी अस्सल म्हणतो यात काय चुकलं?

घाटवाट (पुणे)

पिस्टनभाऊ, ४३२ चा आदर मलाही आहे, आणि तिच्यावर स्वतंत्र लिहायला हवंच होतं. पण किंमत बघा. साधी फेअरलेडी झेड ९ लाख ३० हजार येन, ४३२ जवळजवळ दुप्पट. जपानातही रस्त्यावर दिसायची ती एल२० वाली. शिवाय ४३२ सुद्धा २ लिटरच्या आतच आहे, म्हणजे कराची रेषा तिनंही पाळली. सीसी वाढवता येत नाही म्हणून व्हॉल्व्ह आणि फेरे वाढवले.

हमामाकर (योकोहामा)

कामानिमित्त बरीच वर्षं इकडे आहे. झामा इथे निस्सानचा जुन्या गाड्यांचा संग्रह आहे, आधी नोंदणी करून जाता येतं. तिथे या गाड्यांच्या अगदी जवळ उभं राहायला मिळतं, म्हणून डोळ्यांनी पाहिलेले फरक लिहितो.

४३२ समोरून ओळखणं अवघड. मागे जा. साध्या झेडला एक सायलेन्सर पाइप असतो, ४३२ ला दोन, आणि तेही शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक उभे. कुठेही ४३२ चा बिल्ला दिसला तर आधी खाली वाकून हे पाइप बघावेत. चाकं मॅग्नेशियमची. बॉनेट उघडलं तर एल२० वर डाव्या बाजूला एसयू पद्धतीचे दोन कार्ब्युरेटर बसलेले असतात, त्यांचे घुमट लगेच ओळखू येतात. एस२० वर मिकुनी कंपनीचे तीन, आडवे, ओळीने. इंजिनाचं डोकंही कितीतरी रुंद, दोन कॅमशाफ्टमुळे. दोन्ही गाड्या शेजारी पाहिल्या की बॉडी सारखी असूनही बॉनेटखालची भरती वेगळी आहे हे लहान मुलालाही कळेल.

आणि घाटवाट, तुमच्या लेखात एक भर. २.४ लिटरची गाडी जपानातही आली, १९७१ च्या शेवटी. फेअरलेडी २४०झेड, आणि तिचीच २४०झेड-जी. 'जी' ला लांब नाक बसवलेलं, हेडलाइटवर पारदर्शक झाकणं, आणि चाकांवर रिव्हेटने ठोकलेले रुंद फेंडर. शर्यतीच्या गाडीवर ते नियमात बसावेत म्हणून रस्त्यावरच्या गाडीलाही दिलेले. जी-नाकाची गाडी फक्त जपानात विकली गेली. इथले झेडवाले हिच्यावर जीव टाकतात. पण तेलसंकट आलं आणि १९७३ मध्ये २.४ बंद, जपान पुन्हा २ लिटरवर. म्हणजे जपानात मोठ्या इंजिनाचा काळ जेमतेम दोन वर्षांचा.

गियरपेटी

नवखा प्रश्न आहे. डॅटसन म्हणजे आपल्याकडे आली होती ती गो आणि रेडी-गो वाली ना? ती कंपनी स्पोर्ट्सकार करत होती?

घाटवाट (पुणे)

नवखा नाही, रास्त प्रश्न आहे. डॅटसन हे निस्सानचंच जुनं नाव. १९७० च्या दशकात निर्यातीच्या गाड्यांवर जगभर हाच बिल्ला असायचा. १९८१ मध्ये कंपनीने ठरवलं की सगळीकडे निस्सान हेच नाव वापरायचं, आणि पुढच्या काही वर्षांत डॅटसन मिटवलं. अमेरिकेत तर मधल्या काळात एकाच गाडीवर दोन्ही नावं असायची. पुढे तेच नाव स्वस्त गाड्यांसाठी परत काढलं, आपल्याकडे २०१४ मध्ये डॅटसन गो आली आणि २०२२ मध्ये तो ब्रँड पुन्हा बंद झाला. त्यामुळे आपल्या पिढीला डॅटसन म्हणजे लहान स्वस्त गाडी एवढंच माहीत. अमेरिकेतल्या साठीच्या माणसाला हा शब्द ऐकवा, तो २४०झेडबद्दल बोलायला लागेल.

जर्सीकाका

साठी ओलांडलेला अमेरिकेतला माणूस हजर आहे. १९८० च्या दशकात इकडे आलो तेव्हा जुन्या २४०झेड विद्यार्थ्यांच्या हातात असायच्या, तळ गंजलेल्या, पण इंजिन मरायचं नाव घेत नसे. माझ्याकडे पुढे २८०झेड आली, अजून आहे. मुलं म्हणतात विका, मी विकत नाही.

इथली साखळी सांगतो, कारण फरकाचा खरा गुंता त्यात आहे. १९७० ते ७३ : २४०झेड. १९७४ : २६०झेड, इंजिन २५६५ सीसी. १९७५ ते ७८ : २८०झेड, २७५३ सीसी आणि बॉशच्या पद्धतीचं फ्युएल इंजेक्शन. दर वेळी इंजिन वाढलं ते गाडी जास्त पळावी म्हणून नव्हे. धुराचे नियम कडक होत गेले, ते पाळताना ताकद घटली, आणि ती भरून काढायला सीसी वाढवावी लागली. त्यात बंपरचे नियम आले. हळू वेगाच्या धडकेत गाडीचं नुकसान होऊ नये म्हणून बंपर जाड आणि जड झाले. पहिल्या २४०झेडचा बारीक क्रोमचा बंपर आणि माझ्या २८० चा बंपर शेजारी ठेवा, नाकाचं रूपच बदललं आहे. २६०झेडवरचे कार्ब्युरेटर तर इथे फार बदनाम. उन्हाळ्यात गरम गाडी थांबवली की पुन्हा सुरू होताना रडायची. कित्येकांनी ते काढून जुन्या २४० चे गोल घुमटाचे बसवले.

तेव्हा कोल्हापूरच्या मित्राच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण १९७४ नंतर. पहिली चार वर्षं आमचीच गाडी सरस होती. १९७० आणि ७१ मध्ये पीटर ब्रॉकच्या संघाची ४६ नंबरची २४०झेड घेऊन जॉन मॉर्टनने इथली राष्ट्रीय सी-प्रॉडक्शन स्पर्धा (विक्रीतल्या गाड्यांच्या एका गटाची) मारली. ती निर्यातीचीच गाडी होती ना?

सायली_मेलबर्न

काका, तुमची साखळी फक्त अमेरिकेची हं. ऑस्ट्रेलियात २८०झेड कधी विकलीच गेली नाही, युरोपातही नाही. आमच्याकडे २४०झेडनंतर २६०झेड आली आणि ती १९७८ पर्यंत चालली, तीही बारीक बंपरवर, कारण तो बंपरचा नियम तुमच्याकडचा. त्यामुळे '२६०झेड एकच वर्ष होती' असं कुणी लिहिलं की ते अमेरिकन माणसाने लिहिलंय हे आम्ही ओळखतो.

आणखी एक. तुम्हाला २४०झेड चार गिअरची मिळाली. इथे आणि ब्रिटनमध्ये पाच गिअरची. लांब रस्त्यावर हा फरक इंजिनाच्या आवाजातच कळतो.

घाटवाट (पुणे)

सायलीताई, हे फार मोलाचं. सरसकट 'निर्यातीची' असा एकच गट करून बोलता येत नाही, हे यातून दिसतं.

शर्यतीचा विषय निघालाच आहे तर रॅलीचं राहून जायला नको. पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली २४०झेडने दोनदा जिंकली, १९७१ मध्ये एडगर हेरमान आणि १९७३ मध्ये शेखर मेहता. हे शेखर मेहता भारतीय वंशाचे, युगांडात जन्मलेले, नंतर केनियातून खेळले. सफारी त्यांनी एकूण पाच वेळा मारली. भारतीय वंशाच्या इतक्या मोठ्या रॅली ड्रायव्हरचं नाव आपल्याकडच्या गाडीप्रेमींना माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कोल्हापुरी_पिस्टन

शेखर मेहतांबद्दल खरंच माहीत नव्हतं, आज रात्री सगळं शोधून वाचतो.

पण वाद सोडलेला नाही! ८० च्या दशकाचं बोला. त्या पिढीत, म्हणजे झेड३१ मध्ये, जपानला २००झेडआर मिळाली, आरबी२०डीईटी या २ लिटरच्या इंजिनाची. सहा सिलिंडर एका सरळ ओळीत, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा), इंटरकूलर (ती हवा थंड करणारा). तुम्हा अमेरिकेवाल्यांना ३००झेडएक्स, सगळ्या व्ही६, म्हणजे सहा सिलिंडर व्ही आकारात. आरबी घातलेली झेड बाहेर कुणालाच मिळाली नाही.

हमामाकर (योकोहामा)

पिस्टन, ती सुद्धा २ लिटरची रेषाच आहे की. ८० च्या दशकात इकडे ३ नंबरचा वार्षिक कर ५ नंबरच्या दुपटीवर होता. म्हणून जपानी तरुणाला परवडेल अशी वेगवान झेड करायची तर २ लिटर आणि टर्बो हाच मार्ग. १९८९ मध्ये करपद्धत बदलली, ती उडी बरीच कमी झाली, आणि त्याच वर्षी आलेली झेड३२ बघा : जपानातही फक्त ३ लिटर. २ लिटरची झेड तिथेच संपली. कायदा बदलताच गाडी बदलली, याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

उलट उदाहरणही आहे. त्याआधीची एस१३०, म्हणजे २८०झेडएक्स. २.८ लिटरला टर्बो लावलेली गाडी १९८१ मध्ये अमेरिकेला मिळाली. जपानला २.८ मिळाली ती बिनटर्बोची, आणि टर्बो मिळाला तो १९८२ मध्ये, २ लिटरला.

सायली_मेलबर्न

झेड३२ वर मला बोलायचंच होतं, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथे आहे आणि खरेदी करणाऱ्याचे पैसे बुडतात ते तिथेच.

जपानात फेअरलेडी झेड (बाहेर हीच ३००झेडएक्स) चारही प्रकारांत होती : टू सीटर किंवा मागे छोटी सीट असलेली टू-प्लस-टू, आणि दोन्हींत साधं इंजिन किंवा ट्विन टर्बो. अमेरिकेत ट्विन टर्बो हवी तर टू सीटरच घ्यावी लागे, मागची सीट हवी तर साधं इंजिन. ब्रिटनमध्ये बरोबर उलट, ट्विन टर्बो आणि तीही टू-प्लस-टूच. आम्हाला ऑस्ट्रेलियात अधिकृतपणे साध्या इंजिनाची टू-प्लस-टू, बस. त्यामुळे इथे रस्त्यावर जी ट्विन टर्बो दिसते ती जपानमधून वापरलेली आणलेली. आणि इथे, जपानात, ब्रिटनमध्ये स्टिअरिंग उजवीकडेच, म्हणजे नुसतं बघून कळत नाही. कुणी ३००झेडएक्सचा बिल्ला लावतं, कुणी फेअरलेडीचा.

आम्ही बघतो तो चॅसीचा कोड. नुसतं झेड३२ म्हणजे टू सीटर साधी. पुढे सी आला, सीझेड३२, की टर्बो. जी आला, जीझेड३२, की टू-प्लस-टू. जीसीझेड३२ म्हणजे दोन्ही. एचझेड३२ उघड्या टपाची. हे जपानी गाडीचे कोड आहेत. इथे अधिकृत विकलेल्या गाडीचा नंबर निराळ्या पद्धतीचा असतो, तोच पहिला पुरावा.

गियरपेटी

ताकदीचा आकडाही देशाप्रमाणे वेगळा दिसतो. अमेरिकेत ३००, जपानात २८०. इंजिन वेगळं?

हमामाकर (योकोहामा)

इंजिन तेच, व्हीजी३०डीईटीटी. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं की घरच्या बाजारात २८० पीएसच्या वर आकडा जाहीर करायचा नाही. ते २००४ पर्यंत चाललं. म्हणून ९० च्या दशकातल्या जपानी माहितीपत्रकातल्या २८० वर फार विसंबू नका.

घाटवाट (पुणे)

पुढचं झटकन, कारण फरक कमी होत गेले. २००२ ची झेड३३ बाहेर ३५०झेड, जपानात फेअरलेडी झेड. मग झेड३४, ३७०झेड. ही आपल्याकडेही आली होती, २०१० मध्ये, पूर्ण तयार गाडी आयात करून. नाव ३७०झेड, म्हणजे उजव्या स्टिअरिंगचा देश असूनही आपल्याला निर्यातीचंच नाव मिळालं. २०२२ पासूनची आरझेड३४ : अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात नुसतं 'झेड', जपानात अजूनही फेअरलेडी झेड, आणि युरोपात गाडीच नाही, तिथल्या धुराच्या नियमांमुळे. कोडमधलं ३४ बघा, पाया जुन्याच पिढीचा आहे हे कंपनीने कोडमध्ये लपवलेलं नाही. बिल्ला वाचून हे कधीच कळलं नसतं.

जर्सीकाका

आता एक व्यावहारिक प्रश्न, सर्वांसाठी. माझ्या पुतण्याने एक जाहिरात पाठवली आहे. पंचवीस वर्षांपेक्षा जुनी गाडी इथे आयात करता येते, त्यामुळे जपानमधून बऱ्याच येतात. जाहिरातीत लिहिलंय 'अस्सल जपानी फेअरलेडी २४०झेड-जी', स्टिअरिंग उजवीकडे, लांब नाक, रिव्हेटचे फेंडर. किंमत अर्थातच डोळे पांढरे करणारी. पोरगा हट्टाला पेटलाय. काय बघायला सांगू?

हमामाकर (योकोहामा)

काका, नाकावर आणि फेंडरवर अजिबात जाऊ नका. दोन्हींच्या फायबरच्या नकला इथे सर्रास मिळतात आणि कुठल्याही एस३० वर बसतात. इंजिन २.४ किंवा २.८ निघालं तरी त्यावरून काही सिद्ध होत नाही, एल मालिकेची इंजिनं एकमेकांच्या जागी बसतात. इथल्या कितीतरी २ लिटर झेडमध्ये मालकांनी एल२८ टाकलेलं आहे.

बॉनेट उघडून इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला चॅसी नंबर बघायला सांगा. नुसता एस३० ने सुरू झाला तर ती जन्माने २ लिटरची फेअरलेडी झेड, वर काहीही बसवलेलं असो. २.४ ची जपानी गाडी एचएस३० असते.

सायली_मेलबर्न

एक सावधगिरी. एचएस३० हे आमच्या आणि ब्रिटनच्या २४०झेडलाही आहे, उजवं स्टिअरिंग असल्याने. त्यामुळे कोड एचएस३० निघाला तरी जपानी कागद हवेतच. डाव्या स्टिअरिंगला मध्ये एल येतो, एचएलएस३०.

घाटवाट (पुणे)

आणि तो एचएलएस३० अमेरिकेत २४०झेडलाही आहे आणि नंतरच्या २८०झेडलाही, मधल्या २६०झेडला मात्र आरएलएस३०. म्हणजे कोडबरोबर पुढचा क्रमांकही वाचायचा.

काका, पुतण्याकडून तीन फोटो मागवा : पत्र्यावर ठोकलेला नंबर, बॉनेटखालची माहितीची पाटी आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर. पाटीवर इंजिनाची क्षमता असते, ती ब्लॉकशी जुळते का ते बघू. ठोकलेल्या नंबरभोवतीचा रंग आणि पत्रा जवळून दिसू द्या, घासलेलं किंवा वेल्डिंग केलेलं असेल तर लक्षात येईल. आणि जपानमधलं नोंदणी रद्द केल्याचं प्रमाणपत्र, मूळ जपानीतलं. विकणारा हे द्यायला टाळाटाळ करत असेल तर बयाणा देऊ नका.

जर्सीकाका

पुतण्याला कळवलं. उद्या तो गाडी बघायला जातोय, फोटो आले की इथेच टाकतो. हमामाकर, जपानी कागद आला तर वाचून द्याल ना?

हमामाकर (योकोहामा)

नक्की. मालकाचं नाव-पत्ता झाकून टाका, बाकी सगळं वाचून देतो.